केसिंग पाइपातला शनी

आमच्या घरात गुरूचा फोटो बैठकीत आहे, शुक्राचा स्वयंपाकघराच्या दाराजवळ आहे, आणि शनीचे सगळे फोटो विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या डब्याशेजारी टांगलेले आहेत. ही वाटणी माझ्या सासूबाईंनी, प्रयागबाईंनी केलेली. शनीचं चित्र घरात ठेवू नये, त्याच्या नजरेसमोर उभं राहू नये, हे त्या माहेराहून शिकून आलेल्या. फोटो काढणारे माझे सासरे. त्यांनी वाद घातला नाही. खिळे आणि हातोडी घेतली आणि विहिरीवर गेले.

सासऱ्यांचं नाव बापूराव. मी त्यांना मामाजी म्हणते आणि सासूबाईंना मामी. शिरपूर जैनच्या शिवारात आमची थोडी बागाईत आहे आणि शेतातच घर आहे. दोडके, भोपळे, पालक, मेथी, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. माल बराचसा गावात जैन यात्रेकरूंच्या भोजनशाळेत जातो. ही मंडळी कांदा-बटाटा खात नाहीत, म्हणून मामाजींनी कधी कांदा लावला नाही. आणि दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून आमचा माल दुपारीच पोचता करावा लागतो. त्यामुळे सगळा गाव संध्याकाळी कामात असतो तेव्हा मामाजी रिकामे. रिकामा माणूस कोणी पत्ते खेळतो, कोणी राजकारण करतो. आमच्या माणसानं आभाळ धरलं.

मी लग्न होऊन आले ती दोन हजार नऊ साली. पहिल्याच संध्याकाळी गोठ्यातून खर्र खर्र असा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. नवऱ्याला, गोपालला विचारलं, तर तो अगदी सहज म्हणाला, "काही नाही, बाबा काच घासून राह्यले." जाऊन पाहिलं तर एका रिकाम्या पिंपावर जाड गोल काच, तिच्यावर दुसरी तशीच काच, मध्ये पाणी आणि काळी भुकटी. मामाजी पिंपाभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत होते आणि वरची काच मागेपुढे ढकलत होते. मी बी.एस्सी. झालेली, वाशिममध्ये वाढलेली. मनात म्हटलं, झालं, पोरगा पाहिला, शेत पाहिलं, सासरा पाहायचा राहून गेला.

कारण नंतर कळलं. त्या वर्षी पेपरात आलं होतं, की शनीचं कडं नाहीसं होणार आहे. खरं तर ते कुठं जात नाही. दर पंधराएक वर्षांनी ते आपल्याकडून बरोबर धारेवर येतं, आणि ताट डोळ्यासमोर आडवं धरावं तशी त्याची नुसती एक रेघ उरते. मामाजींना ती रेघ पाहायची होती. ते अकोल्याला एका हौशी मंडळाकडे गेले. तिथं समजलं, की नेमका त्याच वेळी शनी सूर्याच्या तोंडाशी असणार, दिसायचाच नाही. पुढची खेप पंधरा वर्षांनी. दुसरा कोणी असता तर हात हलवत परत आला असता. हे आले ते दोन काचा घेऊन. "पंधरा वर्स हाय ना आपल्याजोळ," मामींना म्हणाले, "तवापर्यंत दुर्बीण तं तयार व्हईन."

"व्हईन व्हईन," मामी म्हणाल्या, "आधी मेथीच्या जुड्या बांधा."

काच सहा इंची होती. ती खोलगट करायला अख्खा पावसाळा गेला, मग राळेवर घोटून चकचकीत केली, मग चांदीसारखा मुलामा चढवायला पुण्याला पाठवली. नळीचा प्रश्न आला, तर त्या साली आमचा एक बोअर कोरडा गेला होता. त्यात उतरवायचा जाड केसिंग पाइप उरलेला, तोच कापला. पाइपाच्या तळाशी आरसा, वरच्या तोंडाजवळ एक छोटा तिरपा आरसा आणि बाजूला डोळा लावायचं भिंग. खाली मोडक्या बैलबंडीच्या लाकडाची चौकट. लोक येऊन पाहून जात आणि म्हणत, "बापूराव, आता बोअर काय आभायात घेता?" मामाजी हसत. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि ज्याला हौस आहे त्याला लाजही नसते, हे मी या घरात आल्यावर शिकले.

काय दिवस होते ते. आता आठवलं की जीव नुसता गलबलतो. भारनियमन होतं, संध्याकाळी लाइट गेली की सगळं शिवार काळंभोर व्हायचं आणि डोक्यावर चांदण्यांचा सडा पडायचा. आम्ही लाइटवाल्यांना शिव्या घालायचो, आणि मामाजी गोठ्यातून खळ्यात दुर्बीण काढायचे. पालकाच्या ओल्या वाफ्याच्या बाजूला, कारण तिथली हवा थंड आणि स्थिर असते. गरम हवेतून ग्रह वाहत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखा हलतो. किन्हीराजाच्या शाळेतली पोरं टेम्पोत बसून यायची. बँकेचे साहेब बायकामुलांसह यायचे. जेवून फिरायला निघालेले यात्रेकरू रस्त्यावरून आत वळायचे. मामाजी प्रत्येकाला बजावायचे, "हात नका लावू, नुस्ता डोया लावा." आणि एकेकाच्या तोंडून "अवो बाप्पा" निघालं की यांची छाती फुगायची. आता हायमास्टचे उंच दिवे आले, चांदण्या कमी झाल्या. ग्रहांना त्याचा काही फरक पडत नाही, पण माणसं येईनाशी झाली. सगळ्यांना मोबाइलमध्येच सगळं दिसतं.

मामी त्या सगळ्यांसाठी चहा करायच्या. गंजभर चहा घरातून पाठवायच्या आणि स्वतः चुलीपाशीच राहायच्या. दुर्बिणीत शनी असो की चंद्र, त्या खळ्यात कधी आल्या नाहीत. त्यांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी आग्रह केला नाही.

फोटोंचं खूळ पुढं आलं, हातात चांगला मोबाइल आल्यावर. ड्रिपच्या पाइपाची क्लिप वापरून मामाजींनी मोबाइल भिंगावर बसवायची युक्ती काढली. फोटो म्हणायचं, पण काढायचा व्हिडिओ. ग्रह अर्ध्याएक मिनिटात चौकटीतून निघून जातो, कारण पृथ्वी फिरते आणि आमचा पाइप फिरत नाही. म्हणून मामाजी पाइपाला एका बोटानं हळूहळू ढकलत राहायचे. मग तो व्हिडिओ माझ्याकडे. त्यात हजारो चित्रं असतात. हललेली, धुरकट झालेली फेकायची, स्वच्छ तेवढी ठेवायची, आणि ती एकावर एक रचली की मग कुठं गुरूचे पट्टे दिसू लागतात. लॅपटॉप हे करतो, पण शेवटचं निवडणं मी माझ्या डोळ्यांनी करायची. बाजाराला दोडके निवडतो तसंच ते काम. मामाजी मागे खुर्ची टाकून बसायचे आणि बडबडायचे, "हा नको, हा किडका हाय." सासरा-सुनेच्या भांडणांच्या गोष्टी लोक सांगतात, आमची भांडणं गुरूच्या लाल डागावरून झाली.

गावानं या फोटोंचं काय केलं तेही ऐका. शेजारच्या अंजनाबाई एक दिवस गुरूचा फोटो मागायला आल्या. पोरीचं लग्न जमत नव्हतं, गुरुबळ कमी आहे असं कोणी सांगितलं होतं. मामाजींनी दिला. चार महिन्यांत लग्न जमलं. मग काय, गुरूच्या फोटोला रांग लागली. मंगळाचा फोटो मात्र फुकट देऊनही कोणी नेला नाही. मी चिडायची, म्हणायची, मामाजी, तुम्ही सांगा ना लोकांना, हे सगळं खोटं आहे. ते म्हणायचे, "फोटो तं खरा हाय ना. मंग लागू दे भिंतीले."

आणि शनी विहिरीवर. दर वर्षाचा एक फोटो, ओळीनं. पहिल्यात कडं अर्धवट उघडलेलं, मग दरसाल रुंद होत गेलेलं, दोन हजार सतराच्या सुमारास पुरतं पसरलेलं, आणि मग पुन्हा मिटत आलेलं. शेवटी एक जागा सोडलेली. ती रेघेच्या शनीची.

गेल्या वर्षी मामाजींच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेलं, रक्तवाहिनीत स्प्रिंग टाकली. परत आले ते निम्मे होऊन. मामींनी कुठं तरी त्यांची पत्रिका दाखवली तर मीन रास, साडेसातीचा मधला टप्पा. झालं. आधीच शनीची भीती, त्यात हे. दर शनिवारी मारुतीच्या देवळात तेल सुरू झालं, मामींनी स्वतः जाऊन घालायचं. मामाजींनी तेही चालू दिलं. त्यांचं लक्ष नोव्हेंबरावर होतं. मार्चमध्ये कडं बरोबर धारेवर आलं तेव्हा शनी पुन्हा सूर्याशी लपलेला. पण नोव्हेंबरात ते जवळजवळ तितकंच बारीक होणार होतं, आणि शनी दिवस मावळल्यावर लगेच वर असणार होता. "येच बारी हाय, शुभांगी," ते मला म्हणाले. "पुढच्या बारीले मी चौऱ्यांशीचा असीन. म्हंजे नसीनच." हे हसत म्हणाले, पण मला ऐकवलं नाही.

आणि त्याच नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी ते झालं.

मामींचे गुडघे धरले होते. देवळापर्यंत जाणं होईना. मामाजी माल घेऊन गावात, गोपाल वाशिमला, मी शिवणाच्या क्लासला. मामींनी विचार केला, की देव देवळात आहे म्हणून आपण तिकडे जातो. इथं तर गेली इतकी वर्षं शनी आपल्याच गोठ्यात, या पाइपात येतो. मग तेल इथंच का घालू नये? हळद-कुंकू लावून, रुईच्या पानांची माळ बांधून त्यांनी पळीभर तेल पाइपाच्या तोंडात ओतलं. ते सरळ तळाच्या आरशावर गेलं. तळाचे नट खोलताना मामाजींना त्यांनी शंभरदा पाहिलेलं. आरसा बाहेर काढला तर तेलानं माखलेला. घाबरल्या. आणि घाबरलेली बाई तेलकट भांड्याचं जे करते तेच त्यांनी केलं. चुलीतली राख घेतली, काथ्या घेतला आणि खसाखसा घासला. मग धुऊन, पदरानं पुसून, पुन्हा जागेवर बसवला.

संध्याकाळी मामाजींनी भिंगाला डोळा लावला तर नुसतं पांढरं धुकं. आरसा काढून हातात घेतला. कडेला चकाकी होती, आणि मधोमध जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, जुनी ताटली असते तसा मळका, ओरखड्यांनी भरलेला गोल. मुलामा गेला होता.

"म्या घासला," मामी दारातून म्हणाल्या. "तेल पडलं होतं. तुमाले बरं वाटाव म्हून घातलं होतं."

"मले बरं वाटाव म्हून," मामाजी म्हणाले, "माह्ये डोये काहाडले तुनं." आणि आरसा घेऊन आत गेले.

इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून बायकोला असा शब्द मी ऐकला नव्हता. मला दोघांचाही राग आला. यांचा असं बोलल्याबद्दल, आणि मामींचा त्या राखेबद्दल. पुण्याला फोन लावला; नव्या मुलाम्याला महिना लागेल म्हणाले. तोवर कडं पुन्हा उघडायला लागणार होतं. घरात बोलणं बंद झालं. मामाजी जेवायचे, उठायचे, विहिरीवर जाऊन बसायचे. मामी ताट वाढायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. गोपाल म्हणाला, दोन-चार दिवसांत निवळेल. निवळलं नाही.

पुढच्या शनिवारी लक्षात आलं, की मामींनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. मी रागावले. म्हटलं, "मामी, आरशापायी जीव देता काय? मामाजींचा राग उतरेल." तशा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांच्या रागाले कोन भेते वं? तेल सांडलं तं सांडलं. पन म्या त्याच्या तोंडाले राख फासली. आता तो यांच्यावर कोपीन. यांचं काही झालं तं माह्या हातानं झालं." आणि भाकरीच्या पिठातले हात तसेच ठेवून रडायला लागल्या.

मी तशीच उठले आणि विहिरीवर गेले. मामाजींना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील येडी हाय. पण ते समोरच्या शनीच्या फोटोंकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "मले वाटलं, मी बोललो म्हून रुसली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आरसा उन्हात धरून नीट पाहिला. कडेचा एक तुकडा अजून चांगला होता. रंगाच्या बादलीचं झाकण घेतलं, त्याला बरोबर त्या तुकड्याच्या वर येईल असं वाटीएवढं भोक पाडलं आणि ते पाइपाच्या तोंडावर बसवलं. बाकी सगळा आरसा झाकला गेला. सहा इंचाची दुर्बीण दोन इंचाची झाली. पण धुकं गेलं. समोरच्या टेकडीवरच्या टॉवरचा लाल दिवा तिच्यात स्वच्छ दिसला.

मग आभाळ आलं. रोज संध्याकाळी ढग. शेवटी एका संध्याकाळी ढगांमध्ये मोकळी जागा पडली आणि तिच्यात शनी. मी मोबाइल क्लिपमध्ये घालून तयार होते. मामाजींनी पाइप फिरवला, डोळा लावला. मला पाहू दिलं. मुगाच्या दाण्यापेक्षा लहान, मंद पिवळा गोळा, आणि त्याच्या मधोमध, दोन्ही अंगांनी बाहेर आलेली केसाएवढी एक रेघ. मालेगावकडून पुढचा ढग येताना दिसत होता. मी क्लिप पुढं केली.

"थांब," मामाजी म्हणाले. घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "प्रयागा. ये इकडं."

मामी आल्या. पदर डोक्यावर घट्ट, हात जोडलेले, पाय ओढत. मामाजींनी त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं, दंडाला धरून बसवलं आणि म्हणाले, "पाह्य. तू ज्याच्या तोंडाले राख लावली, तो पाह्य."

मामींनी डोळे मिटलेलेच ठेवले असतील आधी. त्यांचे ओठ हलत होते. मग त्या गप्प झाल्या. मामाजी एका बोटानं पाइप ढकलत राहिले. ढग जवळ येत होता. मी मनात म्हणत होते, आता उठतील, आता उठतील. शेवटी राहवलं नाही, म्हटलं, "मामी, जरा—" मामाजींनी दुसरा हात वर करून मला थांबवलं.

"एवढुसाक हाय," मामी म्हणाल्या.

"हं."

"याची नजर कुठी हाय? मले तं नाही दिसली."

"मले बी नाही दिसली कधी," मामाजी म्हणाले.

"अन् ह्याच्या पोटातून काडी गेली हाय. दुखत असीन बिचाऱ्याले." मग म्हणाल्या, "ह्याले भिऊन म्या अर्धा जलम काहाडला."

ढगाची कड शनीला लागली होती. फोटो गेला, हे मला कळलं, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा वर्षांचं वाट पाहणं डोळ्यांसमोर जात होतं. मामाजी ढगाकडे पाहतच नव्हते.

"पुरा गाव बोलावला तुमी," मामी भिंगावरचा डोळा न काढता म्हणाल्या. "शायेतले पोट्टे आले, बँकेचा साहेब आला. येवढ्या वर्सात मले कधी म्हटलं काय, ये म्हून?"

"तू भेशीन म्हून नाही म्हटलं."

"भेली असती," मामी म्हणाल्या. "पन आली असती."

ढगानं शनी पुरता झाकला होता. तरी मामी भिंगाला डोळा लावून बसलेल्याच होत्या, आणि मामाजी एका बोटानं पाइप हळूहळू पुढं ढकलत होते, शनी अजून दिसत असल्यासारखा.